न दुखणारा दाब

आमच्या घरात डोळे तपासण्याची एकच रीत होती. सुईत दोरा ओवायचा. पहिल्या खेपेला ओवला गेला की डोळे चांगले.

अम्मा ही परीक्षा रोज द्यायची आणि रोज पास व्हायची. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचा धंदा मोठा आहे. शिवून झालेल्या शर्टांचे गठ्ठे मोहल्ल्यात येतात आणि घरोघरच्या बायका त्यांना बटणं लावून, लोंबते दोरे कापून, घड्या घालून परत पाठवतात. अब्बांची गिरणी बंद पडली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्या वर्षी अम्माने हे काम हातात घेतलं ते आजवर सोडलेलं नाही. माझी बारावी, बी.एस्सी., बी.एड. सगळं त्या बटणांवर झालं. आता मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. अब्बा राहिले नाहीत. घर माझ्या पगारावर चालतं. काम बंद कर म्हटलं की अम्मा म्हणते, "हात को आदत हो गई रे. खाली बैठी तो बीमार पडूंगी."

२०२२ च्या रमजानमध्ये आमच्याकडे इफ्तारला पाहुणे होते. दस्तरखान मांडलेलं, अजानला पाच मिनिटं बाकी. अम्मा भज्यांची परात घेऊन आली आणि डाव्या बाजूला ठेवलेल्या शरबताच्या पेल्यांवर तिचा पाय पडला. लाल शरबत खजुरांत, कापलेल्या फळांत, पाहुण्यांच्या कपड्यांवर. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अम्मा, देखके तो चलो." ती खाली बसून पुसायला लागली. म्हणाली, "हौ बेटा, ध्यान नहीं था."

तिचं ध्यान नव्हतं यावर माझाही विश्वास बसला. दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा लागायचा, डावीकडे ठेवलेला चहाचा कप कलंडायचा. बायकोने मला दोनदा सांगितलं की अम्मांना डाव्या बाजूचं दिसत नाही असं वाटतं. मी म्हणालो, सुईत दोरा तर त्या स्वतःच ओवतात. तरी खात्रीसाठी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे तिने भिंतीवरची अक्षरं वाचली, नंबर थोडा बदलला, नवा चष्मा आला. विषय संपला.

मी विज्ञान शिकवतो, हे वर सांगितलंच आहे.

पुढच्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याने आमच्या शाळेत शिबिर घेतलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जागतिक काचबिंदू सप्ताह असतो, त्यानिमित्त. रविवार होता. चाळीशीच्या पुढचे पालक आणि मोहल्ल्यातले लोक यावेत म्हणून मशिदीतून आदल्या जुम्म्याला सांगितलं होतं. मी आठवीच्या वर्गात बाकं सरकवून रांग लावायच्या कामाला होतो.

डॉक्टर मॅडमबरोबर एक तंत्रज्ञ ताई आल्या होत्या. त्यांच्या हातात पांढरं, मुठीत मावेल एवढं यंत्र होतं. समोरच्याला खुर्चीवर ताठ बसवायचं, यंत्राचा टेकू त्याच्या कपाळाला लावायचा, "समोर बघा, श्वास रोखू नका" म्हणायचं आणि बटण दाबायचं. टिक, टिक, टिक. सहा वेळा. पडद्यावर आकडा. दुसरा डोळा. पुन्हा सहा वेळा. माणूस विचारायचा, "कब करेंगे?" आणि ताई म्हणायच्या, "झालं."

रांग कमी झाली तेव्हा मी त्यांना विचारलं की हे डोळ्यात नेमकं काय करतं. त्यांनी एक सळई दाखवली. शिवणाच्या सुईएवढी बारीक, टोकाला प्लास्टिकचा गोल मणी. मण्याचा व्यास दोन मिलीमीटरपेक्षाही कमी. यंत्रात विजेच्या तारेचं वेटोळं असतं. ते या चुंबकीय सळईला अलगद पुढे फेकतं, मणी बुबुळाला टेकतो आणि मागे येतो. डोळा जितका कडक, तितकी ती लवकर थबकते आणि परत फिरते. परत येताना तिच्या गतीत पडलेला फरक वेटोळ्याला कळतो आणि त्यावरून दाब काढला जातो. सहा मापांपैकी सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान सोडून द्यायचं, उरलेल्यांची सरासरी घ्यायची. सळईचं वजन इतकं कमी की डोळा बधिर करणारं औषधही लागत नाही. प्रत्येक माणसाला नवी सळई. टेकून परत येईपर्यंत पापणीला मिटायचीही सवड मिळत नाही.

मला ते लगेच समजलं, कारण हवा भरलेला आणि हवा गेलेला चेंडू मी वर्गात नेहमीच आपटून दाखवतो.

आपला डोळाही आतून भरलेला असतो, हवेने नव्हे, पाण्यासारख्या द्रवाने. हा द्रव डोळ्याच्या आतच सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर पडून रक्तात मिसळतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. जेवढा येतो तेवढा गेला तर दाब ठीक राहतो, पाऱ्याच्या साधारण १० ते २१ मिलीमीटरांच्या दरम्यान. जाण्याची वाट तुंबली की दाब चढतो, आणि डोळ्यामागची जी नस मेंदूकडे जाते ती हळूहळू सुकत जाते. हा काचबिंदू. एक प्रकार असा आहे की वाट एकदम बंद होते, डोळा लाल होतो, डोकं फुटेल इतकं दुखतं, उलट्या होतात. तो रोगी निदान दवाखान्यात तरी धावतो. पण बहुतेकांचा दाब वर्षानुवर्षं हळूहळू चढलेला असतो आणि डोळ्याला ते कळत नाही. डोळा दुखत नाही. लाल होत नाही. भारतात चाळीशीच्या पुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूचे असावेत असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता. आपल्या देशात गावोगाव तपासणी करून जे अभ्यास झाले, त्यांत सापडलेल्या दहा रोग्यांपैकी नऊंना किंवा त्याहून जास्त जणांना आपल्याला हा आजार आहे हे तोवर माहीतच नव्हतं.

पूर्वी वैद्य आणि डॉक्टर मिटलेल्या पापणीवर बोटं ठेवून डोळा किती टणक आहे ते अजमावायचे, आपण सायकलची ट्यूब अंगठ्याने दाबतो तसं. मग १९०५ साली नॉर्वेच्या श्यॉट्झ नावाच्या डॉक्टरांनी एक उपकरण आणलं. रोग्याला आडवं निजवून, डोळा बधिर करून, त्यावर ते वजन ठेवायचं आणि काटा वाचायचा. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गोल्डमन यांनी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला जोडायचं माप केलं. आजही खरं-खोटं ठरवायचं ते त्याच्यावरच. पण टेबल काही शाळेत येत नाही. हे हातातलं यंत्र फिनलंडच्या अँटी कोंटिओला यांच्या कल्पनेतून आलं आणि २००३ पासून बाजारात आहे. आयकेअर म्हणतात त्याला. ज्याला दवाखान्याच्या टेबलापर्यंत जाणं जमत नाही, हनुवटी टेकून बसणं जमत नाही, त्याच्यापर्यंत ते जातं. म्हातारी माणसं, खाटेवरचे आजारी आणि मुलं.

मुलं म्हटल्यावर मला सातवीतला एक मुलगा आठवला. उन्हाळा आला की तो वर्गात डोळे चोळत बसायचा. दोन्ही डोळ्यांचा पांढरा भाग मळकट तांबूस. मी त्याला घरून बोलावून घेतलं. आईबरोबर आला. आई म्हणाली, औषध चालू आहे, मेडिकलवाला देतो, दोन वर्षं झाली, थेंब टाकले की खाज लगेच थांबते. पिशवीतून तिने बाटली काढून दाखवली. मॅडमनी बाटलीवरचं वाचलं आणि म्हणाल्या, "याला आधी घ्या." टिक, टिक. उजवा ३२, डावा ३०.

त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. ॲलर्जीच्या खाजेवर ते झटपट काम करतं, पण काही डोळ्यांचा दाब त्याने थोड्याच आठवड्यांत चढतो. डॉक्टरांच्या नजरेखाली, दाब मोजत, थोडे दिवस दिलं तर ते औषध आहे. मोजल्याशिवाय दोन वर्षं घातलं तर याच मुलाचं बारावीपर्यंत काय झालं असतं, हे मॅडमनी आईला सांगितलं नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं. थेंब बदलले आणि पुढच्या महिन्यांत त्याचा दाब उतरला. नस थोडीशीच दुखावली होती. तो मुलगा नंतर दहावीपर्यंत आमच्याच शाळेत होता. पहिल्या बाकावर.

दुपारी अम्मा माझा डबा घेऊन आली. मी घरी जेवायला जाणार नाही हे तिला माहीत होतं. दारातून आत येताना तिने डाव्या बाजूच्या बाकाला ठेचकाळून डबा छातीशी धरला. तंत्रज्ञ ताईंनी ते पाहिलं. मी पाहिलं नाही, मी रजिस्टर लिहीत होतो.

"मावशी, बसा इथे."

"मेरे कू कुछ नई हुआ. सुई में तागा बी मैंच डालती."

"बसा तर. दुखत नाही."

उजवा २८. डावा ३६.

ताईंनी पुन्हा मोजलं. डोळे घट्ट मिटले, श्वास रोखला, गळ्याशी कपडा आवळलेला असला तरी आकडा वर जातो, म्हणून तिची ओढणी सैल करायला लावली. डावा ३५. मग मला म्हणाल्या, "सर, हे टेबलावरच्या मापाने बघावं लागेल. दोन दिवसांत आणा." निघताना त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही?" मी म्हणालो, मी अजून चाळीशीच्या आत आहे. आणि रजिस्टर घेऊन उठलो.

त्या आठवड्यात जुन्या पेन्शनसाठी राज्यभर कर्मचारी आणि शिक्षकांचा संप सुरू झाला होता. मीही संपावर होतो, त्यामुळे रजेचा अर्ज लिहावा लागला नाही. दवाखान्यात टेबलावरच्या मापानेही आकडे जवळपास तेच आले. मग अम्माला एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. समोरच्या ठिपक्याकडेच बघायचं, कडेला कुठेही प्रकाश लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. अम्मा हसली. म्हणाली, आयुष्यभर बटणं लावली, आता दाबते.

यंत्रातून कागद आला. उजव्या डोळ्याच्या कागदावर एका बाजूला काळी कमान होती. डाव्या डोळ्याचा कागद जवळपास सगळा काळा. फक्त मधोमध एक लहानसं पांढरं बेट.

मॅडम म्हणाल्या, "या एवढ्या भागातून त्या सुईचं नेढं बघतात. अगदी स्पष्ट बघतात. त्याच्या बाहेर काही नाही."

मी तो कागद बघत राहिलो. शरबताचे पेले त्या काळ्या भागात होते. चौकट त्या काळ्या भागात होती. आणि "देखके तो चलो" म्हणणारा मीही बहुधा तिच्या डाव्या बाजूलाच बसलो होतो.

घरी येताना रिक्षात अम्मा निवांत होती. म्हणाली, "मोतियाच है ना? पकने दो. फिर निकाल लेंगे." इथे मला आपल्या भाषांचा राग आला. उर्दूत याला काला मोतिया म्हणतात आणि दुसऱ्याला सफेद मोतिया. मराठीत काचबिंदू आणि मोतीबिंदू. नावं बहिणींसारखी, आजार मात्र अगदी निराळे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की माणसाला दिसतं. आमच्या मोहल्ल्यात अशी वीस माणसं असतील. त्यामुळे मोतिया हे नाव ऐकलं की लोक पिकायची वाट बघतात. काचबिंदूत वाट बघण्यासारखं काही नसतं. गेलेली नस परत येत नाही, ऑपरेशनने नाही, थेंबांनी नाही. आहे ते राखायचं, आणि राखायचा आज हातात असलेला खात्रीचा उपाय एकच, दाब उतरवणं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की दाब एका मिलीमीटरने कमी केला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो. मी हे अम्माला समजावलं. ती म्हणाली, "मेरी अम्मा बी आखिर में टटोल टटोल के चलती थी." नानीबद्दल आम्ही सगळे म्हणायचो की म्हातारपण.

थेंब सुरू झाले. एक बाटली रात्री झोपताना. दुसरी सकाळी आणि संध्याकाळी. महिन्याने दाखवायला या, असं सांगितलं होतं.

२४ मार्चला पहिला रोजा होता.

ईद झाल्यावर आम्ही गेलो. ताईंनी तेच हातातलं यंत्र लावलं. उजवा २७, डावा ३३. मॅडमनी केसपेपर उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, "औषधाचा काहीच उपयोग दिसत नाही. अजून एक बाटली वाढवून बघू, नाहीतर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून द्रवाला दुसरी वाट करून द्यावी लागेल." ऑपरेशनचे धोकेही त्यांनी सांगितले. अम्मा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

बाहेर आल्यावर ती रिक्षात बसली नाही. फुटपाथवरच थांबून म्हणाली, "बेटा, मैं दवा नई डाली. पूरा रमजान नई डाली."

शेजारच्या खालाने तिला सांगितलं होतं की थेंब घशात कडू लागतो, म्हणजे पोटात जातो, म्हणजे रोजा तुटतो. सकाळचा थेंब त्यामुळे बंद. संध्याकाळचा इफ्तारच्या घाईत राहायचा. रात्री तरावीहहून मोहल्ला परत येईपर्यंत, सहरीची तयारी लावेपर्यंत तिला आठवण राहायची नाही. मी रोज विचारत होतो, "अम्मा, दवा डाली?" ती म्हणायची, "हौ." मला रोज बाटली दिसत होती. बाटली किती भरलेली आहे हे मी बघितलं नव्हतं.

तिच्यावर रागावण्याचं तोंड मला नव्हतं. रमजान येतोय हे मला ठाऊक होतं. रोजादाराला हा प्रश्न पडणार हेही ठाऊक असायला हवं होतं. मी विचारलं नाही म्हणून मॅडमनीही सांगितलं नाही. आणि त्या एका "हौ"वर तिच्या डोळ्याला चाकू लागायची वेळ आली होती.

आम्ही परत आत गेलो. अम्माने स्वतः सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, ऑपरेशनचं राहू द्या, आधी दीड महिना थेंब घाला. मग त्यांनी तिला एक गोष्ट शिकवली. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. रडताना नाक वाहतं ते त्याच वाटेने. थेंब त्या वाटेने घशापर्यंत येतो म्हणून कडू लागतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटायचा आणि नाकालगतचा तो कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यातच राहतं, त्याचा गुण जास्त येतो, रक्तात कमी जातं, घशात जवळपास उतरत नाही. ही पद्धत रोजादारांसाठी काढलेली नाही, सगळ्याच रोग्यांना ती शिकवायची असते.

संध्याकाळी मी मशिदीत इमामसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, सुरमा लावल्याने रोजा जात नाही तसाच डोळ्यातल्या औषधानेही जात नाही, घशात चव लागली तरी नाही. आणि आजाऱ्याला तर कुरआननेच सवलत दिलेली आहे. मग मी शोधून वाचलं. १९९७ साली जेद्दा इथे झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने रोजा न तोडणाऱ्या उपचारांची यादी केली, तिच्यात डोळ्यांचे थेंब आहेत. इमामसाहेबांना मी विनंती केली की हे तुम्ही जुम्म्याच्या बयानात सांगाल का. पुढच्या वर्षी रमजान लागण्याआधीच्या जुम्म्याला त्यांनी ते सांगितलं. नमाज संपल्यावर तिघे जण माझ्यापाशी आले. तिघेही थेंब बंद करायच्या विचारात होते.

जून २०२३ मध्ये अम्माचा आकडा आला. उजवा १६, डावा १७. ऑपरेशन टळलं.

२०२४ चा रमजान मार्चमध्येच आला. इमामसाहेबांचं ऐकूनही अम्माच्या मनाला खात्री हवी होती. मॅडमनी मार्ग काढला. सकाळचा थेंब सहरीत, अजानच्या आधी. संध्याकाळचा इफ्तारनंतर. मधे बारा-चौदा तासांचं अंतर पडतं, ते चालतं. रात्रीची बाटली आहे त्या वेळेला. मशिदीतून मिळणाऱ्या सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकावर मी पेन्सिलीने तीन खुणांच्या रांगा आखल्या. थेंब टाकला की अम्मा तिथे रेघ मारायची. ईदनंतर त्याच कागदाच्या कडेला तिने स्वतः आकडे लिहिले. १५, १६. वेळापत्रक बाद झालं तरी तो कागद अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे, आणि प्रत्येक तपासणीचे आकडे त्याच्यावरच वाढत गेले आहेत.

एक गोष्ट मात्र मी या सगळ्यात सोयीने बाजूला ठेवली होती. काचबिंदू घराण्यात चालतो. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता कितीतरी वाढते, आणि अशा माणसाने चाळीशीची वाट बघू नये. हे मी पालकसभेत सांगत होतो. फळ्यावर डोळ्याची आकृती काढून सांगत होतो. आणि मॅडम दर वेळी विचारायच्या, "सर, तुमचं कधी?" तेव्हा परीक्षा, निवडणुकीची ड्यूटी, काहीतरी सांगत होतो. खरं कारण तो काळा कागद होता. तो आपल्या नावाने निघेल याची भीती वाटत होती. दुखत नाही तोवर नाही, असं माझंही चाललं होतं. माझ्या सुईतही दोरा जात होता.

मार्च २०२५ मध्ये अम्माची तारीख होती. ताईंनी तिचा दाब मोजला आणि अम्मा खुर्चीवरून उठलीच नाही. मला म्हणाली, "तू बैठ. तू बैठे बगैर मैं घर कू नई आती."

मी बसलो. कपाळाला टेकू लागला. समोर बघा, श्वास रोखू नका. पहिल्या टिकला मी दचकलो. खरंच काही जाणवलं नव्हतं, फक्त आवाजाने. नंतरच्या पाचांना हललो नाही.

उजवा २३, डावा २२.

मग बाकीचं सगळं झालं. नुसत्या दाबावर काही ठरत नाही हे मॅडमनी पुन्हा सांगितलं. दाब २१ च्या आत असूनही नस सुकलेली माणसं असतात, आणि दाब थोडा वर असूनही नस ठणठणीत असलेली असतात. बुबुळ जाड असलं तर यंत्र आकडा जरा जास्त दाखवतं. माझं जाड निघालं. नस चांगली होती. घमेल्याच्या यंत्रातून आलेला कागद पांढरा होता. औषध नाही, पण दर सहा महिन्यांनी यायचं, आणि भावालाही आणायचं.

घरी आल्यावर अम्माने पेन्सिल माझ्या हातात दिली. मी कपाटाच्या दारावरच्या कागदाजवळ गेलो आणि तिच्या आकड्यांच्या खाली माझे लिहिले.

"कितना आया बोले?"

"तेईस."

"और मेरे?"

"पंद्रह."

"मतलब मेरे अच्छे," ती म्हणाली आणि हसली.

नव्या शर्टांचा गठ्ठा आलेला होता. पूर्वी तो कुठेही पडायचा. आता घरात सगळ्यांना माहीत आहे, मी उचलून तिच्या उजव्या बाजूला ठेवला. तिने सुई उजेडाकडे धरली, एक डोळा बारीक केला आणि पहिल्या खेपेला दोरा ओवला.